मावळचं इरलं मावळात कधी बघायला मिळणार?

शनिवार-रविवार आला की लोणावळ्याच्या बाजारपेठेत पाय ठेवायला जागा उरत नाही. पावसाळ्यात तर विचारूच नका. भुशी धरणाच्या वाटेवर गाड्यांची रांग, चिक्कीच्या दुकानांपुढे झुंबड, कणसं भाजणाऱ्यांच्या शेगड्यांचा धूर. पुण्या-मुंबईचा माणूस येतो, भिजतो, खातो, फोटो काढतो आणि निघून जातो. त्याला दाखवायला आपल्याकडे धबधबे आहेत, किल्ले आहेत, लेणी आहेत. नाही म्हणायला नटनट्यांचे आणि पुढाऱ्यांचे मेणाचे पुतळेही आहेत. पण या तालुक्यातला माणूस कसा जगला, त्याने काय पेरलं, धान्य कशात मोजलं, लावणीच्या पावसात डोक्यावर काय घेतलं, हे दाखवणारी एक साधी खोलीही निदान माझ्या पाहण्यात आलेली नाही.

हा विषय डोक्यात यायला निमित्त झालं ते पुण्याच्या आदिवासी संग्रहालयाचं. नाणे मावळातल्या एका कातकरवाडीतली काही माणसं आणि शाळेची मुलं यांच्याबरोबर तिथे जाणं झालं. आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था ही सरकारी संस्था १९६२ साली स्थापन झाली. तिचं हे संग्रहालय पुण्यात क्वीन्स गार्डन भागात, स्टेशनापासून फार लांब नाही. कामशेतहून लोकलने गेलं तर सकाळी जाऊन दुपारपर्यंत परत येता येतं. तरीही त्या वाडीतल्या एकाही माणसाने ते आधी पाहिलेलं नव्हतं. वाडीचं सोडा, आमच्या गावातल्या शिकल्या-सवरल्या लोकांपैकी तरी कितीजणांनी पाहिलंय? पुण्याला आपण जातो ते दवाखान्याला, कोर्टाला आणि लग्नाचा बस्ता बांधायला.

आत गेल्यावर मुलं आधी मुखवट्यांपुढे थबकली. ठाणे-नाशिककडच्या आदिवासी भागात बोहाड्याच्या वेळी देवादिकांचे हे मुखवटे घालून नाचतात. मग तारपा, धनुष्यबाण, दागिने, भाताच्या कणग्या, वारली चित्रं. महाराष्ट्रात अनुसूचित जमाती आहेत ४५. गडचिरोलीच्या माडियांपासून आपल्या सह्याद्रीतल्या महादेव कोळी, ठाकर, कातकऱ्यांपर्यंत सगळ्यांचा संसार एका छपराखाली बघायला मिळतो. शहरातल्या शाळांनी वर्षातून एक सहल इथे आणली, तर 'आदिवासी म्हणजे झाडाची पानं गुंडाळून नाचणारी माणसं' हा सिनेमाने भरवलेला कचरा मुलांच्या डोक्यातून निघून जाईल.

पण खरी गंमत झाली ती मासे धरायच्या सापळ्यापुढे. बांबूच्या कामट्यांचा, तोंड रुंद आणि शेवट निमुळता असा हा सापळा. आमच्याबरोबरच्या एक आजी त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि बोलायलाच लागल्या. पहिल्या पावसाच्या गढूळ पाण्याला मासा वर चढतो तेव्हा तो कुठल्या बाजूला तोंड करून लावायचा, पाणी निवळलं की का उचलायचा, दगडांची आड कशी रचायची, कामटी कोवळ्या बांबूची घेतली तर एका हंगामात कशी कुजते. आमच्यातल्या एका मुलीने विचारलं, "आजी, तुम्हाला बनवता येतो?" आजी म्हणाल्या, "मला कशाला, माझ्या बापाला येत व्हता. त्याच्या हातचा पाण्यात चार-चार वरीस टिकायचा." मुलं तर सोडाच, दुसऱ्या कुठल्या तरी शाळेबरोबर आलेल्या शिक्षिकाही वही काढून लिहून घ्यायला लागल्या.

तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की वस्तू काचेआड ठेवता येते, तिच्यामागचं शहाणपण ठेवता येत नाही. ते आजींच्या तोंडात आहे. आणि आजींचं वय झालं आहे. ज्यांना रोजंदारी, रेशन आणि जातीचा दाखला या तीन गोष्टींतून डोकं वर काढायला सवड मिळत नाही, त्यांच्याकडे हे ज्ञान पडून आहे आणि ते त्यांच्याबरोबरच जाणार आहे.

दुसरी गोष्ट नावाची. कुठल्याही मोठ्या चित्रसंग्रहालयात गेलात तर तैलचित्राखाली चित्रकाराचं नाव असतं. पण भाला, टोपली, सापळा, मुखवटा यांच्याखाली जगभर काय लिहिण्याची रीत आहे? 'अमुक जमात, अमुक जिल्हा'. म्हणजे एकाने रेखाटलं तर ती कला आणि दुसऱ्याने विणलं तर ती जमातीची चाल! आजींच्या बापाचा सापळा उद्या एखाद्या संग्रहालयात गेलाच, तर तिथे 'कातकरी' एवढंच लिहिलं जाईल. त्या म्हाताऱ्याचं नाव कुणी विचारणार नाही.

याचं उत्तर शोधायला परदेशात जायची गरज नाही. मळवलीला उतरून कार्ल्याचा डोंगर चढावा. एकवीरा आईच्या दर्शनाला लाखो माणसं जातात. कोकणातला आगरी-कोळी समाज चैत्रात पालखीला येतो. देवळाच्या शेजारीच दोन हजार वर्षांपूर्वीचं चैत्यगृह आहे. जवळजवळ सव्वाशे फूट लांब, भारतातल्या कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठं. छताला त्या काळच्या लाकडी कमानी अजून आहेत. पायऱ्या चढून दमलेला माणूस आत डोकावतो, गार वाटलं की बाहेर येतो. पण तिथल्या भिंतींवर आणि खांबांवर ब्राह्मी लिपीत काय कोरलं आहे, हे आपल्या पोरांना कुणी सांगितलंय? वैजयंती म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीच्या भूतपाल नावाच्या शेठजीने हे काम पुरं केलं, असा एक लेख आहे. धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांनी, म्हणजे ग्रीक वळणाच्या परदेशी लोकांनी, खांब दान दिल्याचे लेख आहेत. आणि त्याच धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने दरवाजाचं काम केलं, हेही कोरलेलं आहे. बापाच्या नावासकट! दोन हजार वर्षांपूर्वी मावळात सुताराचं नाव दगडावर कोरायची पद्धत होती. शेठजीचं नाव आणि सुताराचं नाव एकाच लेण्यात. आणि आज आपल्याला टोपली विणणाऱ्याचं नाव कागदाच्या चिठ्ठीवर लिहायला सुचत नाही.

नाव लिहिलं की काय होतं, ते वारली चित्रांनी दाखवून दिलं. डहाणू-तलासरीकडे लग्नाचा चौक भिंतीवर बायका काढत आल्या. तांदळाचं पीठ, गेरूने सारवलेली भिंत, बस्स. कुणाचं नाव नाही, गाव नाही. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी हा चित्रकार त्या भागात हिंडला. त्याला जिव्या सोमा म्हसे भेटला. म्हसे पुरुष असून, लग्न नसतानाही, रोज चित्रं काढायचा. त्याची चित्रं कागदावर, कापडावर आली, त्याखाली त्याचं नाव आलं. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, २०११ साली पद्मश्री. २०१८ साली म्हसे गेला तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी बातमी दिली. ज्या बायकांकडून ही कला आली त्यांची नावं मात्र राहूनच गेली, हेही खरं. आज लोणावळ्या-खंडाळ्याच्या रिसॉर्टांच्या भिंतींवर सगळीकडे वारली चित्रं दिसतात. काढणारा बहुतेक वेळा शहरातला रंगारी. वारल्यांचा मावळाशी संबंध काय, हे मालकालाही ठाऊक नसतं. बाजूच्या डोंगरातल्या कातकऱ्याला त्याच रिसॉर्टमध्ये काम मिळालं तर गवत कापायचं!

ही चित्रं जपानपर्यंत गेली आहेत. तिथल्या निगाता भागात तोकामाची नावाचं एक गाव आहे, प्रचंड बर्फ पडणारं. तोकिओ हासेगावा नावाच्या माणसाने १९८२ साली तिथे बिहारच्या मिथिला चित्रांचं संग्रहालय काढलं. वारली आणि गोंड चित्रंही तिथे आहेत. इथले चित्रकार तिथे जाऊन महिनोन्‌महिने राहून चित्रं काढत. ते संग्रहालय आहे कुठे, तर बंद पडलेल्या प्राथमिक शाळेत. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. त्याच संग्रहालयात २००१ साली जनगडसिंह श्याम या मोठ्या गोंड चित्रकाराचा मृत्यू झाला. घरापासून हजारो मैलांवर. आपल्या लोकांची कला जगात गाजते तेव्हा अभिमान वाटतो. पण कलाकाराला तिथे कोण विचारतं, त्याचं घर कसं चालतं, हा प्रश्न अभिमानाच्या भरात मागे पडतो.

जगभरच्या जमातींच्या वस्तू ज्या मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत, तिथेही गेली तीस-पस्तीस वर्षं हाच वाद चालू आहे. पॅरिसमध्ये २००६ साली आफ्रिका, आशिया, अमेरिका, ओशनिया इथल्या कलावस्तूंचं भव्य संग्रहालय उघडलं. पण त्यातल्या पुष्कळ वस्तू फ्रेंचांनी वसाहतींतून नेलेल्या. ज्यांच्या होत्या त्यांना विचारलं कुणी? अमेरिकेत १९९० साली कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या संग्रहालयांनी तिथल्या मूळ जमातींच्या पूर्वजांच्या अस्थी आणि पूजेच्या वस्तू, मागणी आल्यास परत द्यायच्या. न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात, जे १९९८ साली नव्या इमारतीत उघडलं, मुख्य अधिकाऱ्याच्या बरोबरीने एक माओरी प्रमुख असतो. फ्रान्सच्या रुआँ शहराने २०११ साली एका माओरी माणसाचं जतन केलेलं मस्तक न्यूझीलंडला परत केलं. माणसाचं डोकं इतकी वर्षं बघण्याची वस्तू म्हणून ठेवलेलं! वाचताना अंगावर काटा येतो.

यात आपल्याला काय, असं कुणी म्हणेल. त्याला वाघनखांची आठवण करून द्यावी. २०२४ साली लंडनच्या संग्रहालयातून वाघनखं साताऱ्याला आणली तेव्हा बघायला रांगा लागल्या. ती उसनी आणली, तीन वर्षांसाठी. महाराजांचीच का दुसरी, यावर इतिहासकारांत खडाजंगी झाली ती वेगळी. पण सामान्य माणसाला वाटलं ते एवढंच, की आपली वस्तू आपल्याकडे हवी, ती बघायला परक्याच्या दारात का जायचं? हे वाटणं आपल्याला रास्त वाटतं. मग तेच वाटणं कातकऱ्याचं, ठाकराचं असलं तर? लंडन आणि सातारा यांच्यात जेवढं अंतर, तेवढंच अंतर वाडीवरच्या माणसाला पुणे आणि नाणे मावळ यांच्यात वाटतं. तिकिटाचे पैसे आणि बुडालेली एक दिवसाची मजुरी धरली की अंतर मैलांत मोजता येत नाही.

कुणी म्हणेल, पोटाला नाही तिथे संग्रहालय कसलं? बरोबर आहे. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती केंद्र सरकारच्या यादीत सर्वांत दुर्बल गटांत मोडतात. कात काढणारे म्हणून कातकरी. खैराच्या झाडापासून कात करायचा, जंगलखात्याचे नियम आले आणि तो धंदा गेला. मग कोळशाच्या भट्ट्या, मग वीटभट्ट्या. दिवाळी झाली की बिऱ्हाड पाठीवर. कितीतरी वाड्या अजून दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर उभ्या आहेत. इकडे मावळात गुंठ्याचे भाव कुठल्या कुठे गेले, मालकाने जमीन विकली की वाडी हलली. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने या दुर्बल जमातींसाठी पीएम-जनमन योजना आणली. त्यात घरं आहेत, रस्ते आहेत, पाणी आहे. पण घर बांधायचं तर आधी पायाखाली जागा लागते, आणि गाडी तिथेच अडते. तेव्हा आधी घराखालची जमीन नावावर व्हावी, संग्रहालय मागून आलं तरी चालेल, असं मीही म्हणेन.

पण या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. उलट मला वाटतं, एक दुसरीला मदत करते. ही वाडी इथे तीन पिढ्या आहे, यांच्या आज्याने या ओढ्यावर मासे धरले, या रानातला मध उतरवला, हे कुठेतरी लिहिलेलं असलं, फोटोसकट, तारखेसकट, तर उद्या साहेबापुढे सांगायला काहीतरी हातात राहतं. २००६ च्या वनहक्क कायद्यात दाव्याला पुरावा लागतोच, आणि त्यात गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी सांगणंही धरतात. मुकाट माणसाचा पुरावा कोण गोळा करणार?

आणि मावळ म्हणजे एकटे आदिवासी नव्हेत. अंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ, तिन्हीकडे भाताची शेती. आपल्या घरातून काय काय गेलं, हिशेब करून बघा. इरलं गेलं, प्लॅस्टिकचा कागद आला. बांबूची कणगी गेली, पत्र्याची कोठी आली. पायली, अधोली, शेर, मापटं, चिपटं ही मापं माळ्यावर गंजत पडली. राब भाजणं कमी होत चाललं आहे. कारवीच्या कुडाचं, शेणाने लिंपलेलं घर दाखवायला आता पार पठारावरच्या धनगरवाड्यापर्यंत जावं लागतं. आंबेमोहोराचा वास किती घरांत राहिला आहे? वडगावच्या कृषी संशोधन केंद्राने १९८७ साली इंद्रायणी भात दिला, तिच्या वंशात आंबेमोहोरच आहे. शेतकऱ्याला चार पैसे मिळाले, चांगलं झालं. पण आज पुण्या-मुंबईत इंद्रायणीच्या नावाने पोती विकली जातात आणि ती मावळच्या वडगावात जन्मली हे मावळच्या पोरालाही ठाऊक नाही. धरणांच्या पाण्याखाली गेलेल्या गावांची तर गोष्टच नको. त्यांचे देव वर आणून बसवले, वस्तू पाण्यात राहिल्या.

पुण्यातच बाजीराव रस्त्याजवळ केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांनी आयुष्यभर हिंडून, पदरमोड करून, लोक अडगळ म्हणून टाकून देत ते दिवे, अडकित्ते, भांडी, कुलपं, दरवाजे गोळा केले. अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्या संग्रहाला दिलं आणि १९७५ साली सगळं सरकारच्या स्वाधीन केलं. वीस हजारांवर वस्तू. एका माणसाने केलं हे. तालुक्याला जमू नये?

खर्च फार नाही. डोंगराळ भागात पट घटल्यामुळे कुलूप लागलेल्या जिल्हा परिषदेच्या शाळा दिसतात. (संग्रहालय हवं म्हणून चालू शाळा बंद करा, असं मात्र कुणी ऐकू नये!) तोकामाचीला शाळेत संग्रहालय होऊ शकतं तर आपल्याकडेही होईल. दोन खोल्या, छप्पर न गळणारं, कुडाची एक भिंत, शेल्फ सुताराकडून. वस्तू लोक देतील, कारण माळ्यावर त्या अडचणच करतात. अट एकच असावी, की देणाऱ्याचं आणि माहीत असेल तर करणाऱ्याचं नाव वस्तूखाली लिहायचं. मालकी देणाऱ्याची राहावी. सणाला, लग्नाला हवी असली तर घेऊन जावी, काम झालं की परत आणून ठेवावी. भोपाळला शामला टेकडीवर इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय आहे, दोनशे एकरांत. तिथे देशभरच्या जमातींची घरं उघड्यावर उभी आहेत आणि ती त्या त्या जमातीच्या लोकांनी स्वतः येऊन बांधली आहेत. आपल्याला दोनशे एकर नकोत. एक कुडाचं घर पुरे. ते बांधायला वाडीवरची माणसं बोलवावीत, रोख मजुरी देऊन.

आणि त्या आजींना बोलवावं. आठवड्यातून दोन दिवस, शनिवार-रविवार. मानधन ठरवून, सही घेऊन, महिन्याच्या महिन्याला. लेण्यांच्या पायथ्याशी गाडी लावायचे पैसे देणारा पर्यटक, सापळा कसा लावतात हे ऐकायला तिकीट काढणार नाही असं मला वाटत नाही.

धास्ती वाटते ती एकाच गोष्टीची. असं काही निघालं की कुणीतरी लगेच ठेका घेईल, वाडीवरच्या पोरांना पानं नेसवून नाचायला उभं करील आणि 'आदिवासी संस्कृती, दर रविवारी' असा फलक महामार्गावर लावील. हे नको. त्यासाठी कारभार वाडीच्या आणि गावाच्या हातात हवा, समितीत निम्म्या बायका हव्यात, आणि हिशेबाचा कागद भिंतीवर सगळ्यांना वाचता येईल असा लावलेला हवा.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात आपला लोहगड आहे. त्यामुळे आता लोहगडाकडे, पाठोपाठ भाजे-कार्ल्याकडे माणसं वाढणार, रस्ते होणार, निधी येणार. तो निधी खर्ची कसा टाकायचा याचे बेत वडगावला आणि पुण्याला होतील. त्याआधी आपला ठराव व्हायला हवा. शाळेची इमारत जिल्हा परिषदेची, म्हणून ग्रामसभेचा ठराव पंचायत समितीमार्फत वर जायला हवा. कार्ला, भाजे, मळवली, कामशेत या पट्ट्यातल्या कुठल्याही एका ग्रामपंचायतीने पुढाकार घेतला तरी चालेल. येत्या ग्रामसभेत विषय घ्यायचा तर अर्ज आधी ग्रामसेवकाकडे द्यावा आणि पोच घ्यावी. तोवर ज्यांच्या माळ्यावर इरलं शिल्लक असेल त्यांनी ते यंदाच्या होळीत टाकू नये.